विवाहसंस्कार हे औषध नव्हे

आपल्या धर्मग्रामांत काही विषय असे आहेत, की त्यांवर कधी प्रवचन होत नाही, कधी चर्चासत्र भरत नाही. निर्णय मात्र घरोघरी होत असतात. समलिंगी व्यक्तींचा विषय हा त्यांपैकी एक होय. आपल्या मुलाचा ओढा मुलींकडे नाही, हे प्रथम आईच्या लक्षात येते, मग वडिलांच्या, मग चुलत्या-मामांच्या. कोणी काही बोलत नाही. एक दिवस ठरते, की याचे लग्न उरकून टाकावे. स्थळ पाहिले जाते, सुपारी फुटते, रविवारी चर्चमध्ये घोषणा होतात आणि यथावकाश वेदीसमोर विवाह लागतो. वराला स्वतःविषयी जे ठाऊक आहे ते वधूला ठाऊक नाही, याची जाणीव असलेली माणसे त्या वेळी पहिल्या बाकावर बसून आशीर्वाद देत असतात.

हा लेख त्या पहिल्या बाकावरील मंडळींसाठी आहे. कारण 'हे सर्व आम्ही धर्मासाठी करतो' असे तीच म्हणतात. माझे म्हणणे असे, की ही मंडळी ज्या धर्माचे नाव घेतात त्या धर्माचाच त्यांच्या हातून भंग होतो.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, हे प्रथम नीट सांगितले पाहिजे. कारण ती सांगण्यापेक्षा तिची भीती घालण्याचीच आपल्याकडे रीत आहे. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या कारकिर्दीत प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २३५७ ते २३५९ हे या विषयावर आहेत. समलिंगी कृतींना ख्रिस्तसभा नैतिक मान्यता देत नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. परंतु तेथेच आणखीही काही आहे. असा कल असलेल्या स्त्री-पुरुषांना आदराने, कळवळ्याने व नाजूकपणे स्वीकारावे. त्यांच्याबाबत अन्यायकारक भेदभावाचे कोणतेही चिन्ह दिसू नये, असे तेथे सांगितले आहे. कल असणे आणि कृती करणे यांत ख्रिस्तसभा फरक करते; मनाचा ओढा हे पाप आहे असे ती कोठेही म्हणत नाही. अशा व्यक्तींना ती ब्रह्मचर्याने जगण्याचे पाचारण करते. रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १९८६ साली बिशपांना लिहिलेल्या पत्रात तर समलिंगी व्यक्तींविरुद्धच्या हिंसक बोलण्याचा व वागण्याचा निषेध केला आहे. तीन परिच्छेदांतील एक तेवढा पाठ करायचा आणि बाकीचे वाचायचेच नाहीत, याला श्रद्धा म्हणत नाहीत.

आता सुज्ञ वाचकांनी एका विसंगतीकडे पाहावे. ख्रिस्तसभा ज्या माणसाकडून अविवाहित जीवन मागते, त्याला आपला समाज अविवाहित राहूच देत नाही. जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. अंबडचे नाते परतूरला, परतूरचे जालन्याला, तेथून छत्रपती संभाजीनगरला; सोयरीक बहुधा एकमेकांतच. अशा समाजात तिशी उलटलेला अविवाहित तरुण हा सर्वांच्याच चौकशीचा विषय होतो. बारशाला गेला तरी तोच प्रश्न, मयतीला गेला तरी तोच प्रश्न. 'बायल्या' हा शब्द तो लहानपणी शाळेच्या मैदानावर ऐकतो. मोठेपणी तोच शब्द त्याच्या पाठीमागे चर्चच्या आवारात कुजबुजला जातो. मुलगी असेल तर तिची स्थिती अधिक वाईट. कारण तिला विचारण्याचीसुद्धा पद्धत नाही. अशा वेळी हा मुलगा ख्रिस्तसभेची शिकवण तंतोतंत पाळू म्हणाला, तरी त्याला ती पाळू देणारे घर कोठे आहे? शिकवणीचा दंडुका हाती घेणारेच त्या शिकवणीच्या वाटेत आडवे उभे आहेत.

विवाहाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच गंभीर होते. विवाह हा आपल्याकडे संस्कार आहे. १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. ती संमती दुसरी कोणतीही सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. बळजबरीने किंवा भारी भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असे कलम ११०३ सांगते. जीवनसाथीची संमती मिळावी म्हणून, संसार मुळापासून विसकटू शकेल असा आपला एखादा गुण वा स्थिती कपटाने लपवली, तर कलम १०९८ नुसार तो विवाह अवैध ठरतो. आणि मानसिक कारणांमुळे विवाहाची मूलभूत कर्तव्ये पेलण्यास जो असमर्थ आहे त्याचा विवाह वैध होत नाही, असे कलम १०९५ मध्ये म्हटले आहे. प्रत्येक प्रकरणाचा निवाडा धर्मप्रांताच्या न्यायासनाने करावयाचा असतो, तो तुम्ही-आम्ही करावयाचा नसतो, हे खरे. पण 'लग्न लावून दिले की सुधारेल' या हिशेबाने मुलाला बोहल्यावर उभे करणारे आईबाप या तिन्ही कलमांच्या दारात उभे असतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलेच पाहिजे. संस्कार हे काही औषध नव्हे. एकाचा रोग (तोही रोग नसताना) बरा करण्यासाठी दुसऱ्याचे आयुष्य वाटून पाजायचे, हे तर कोणत्याच वैद्यकात बसत नाही.

या सर्वांत त्या मुलीचा विचार कोण करतो? ती कोणा मोसंबीच्या बागाईतदाराची नव्हे, तर बहुधा मजुरी करणाऱ्या किंवा लहानशी नोकरी करणाऱ्या घरची असते. तिच्या बापाने लग्नासाठी कर्ज काढलेले असते. वर्ष-दोन वर्षे नवरा जवळ येत नाही, तेव्हा दोष तिच्यावर येतो: ती काळी आहे, ती गावंढळ आहे, तिच्यात काही कमी आहे. मूल होत नाही म्हणून उपासतापास तिनेच करायचे, डॉक्टरकडे तिनेच जायचे. आणि एक दिवस तिला खरे कळते, तेव्हा तिच्यापुढे उरते काय? भारतीय घटस्फोट कायदा १८६९ सालचा. २००१ साली त्यात सुधारणा होईपर्यंत ख्रिस्ती पत्नीला केवळ पतीच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळत नसे; सोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. परस्परसंमतीचा मार्गही तेव्हाच खुला झाला. परंतु दिवाणी न्यायालयाच्या कागदाने ती ख्रिस्तसभेच्या दृष्टीने मोकळी होत नाही. त्यासाठी तिला धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे जाऊन, आपल्या शय्येची कहाणी परक्या पुरुषांपुढे सांगावी लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ही प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या न्यायासनाच्या शिक्कामोर्तबाची अट काढून टाकली. तरी सांगणे तर तिलाच आहे. ज्यांनी जाणूनबुजून तिला या संकटात लोटले ते सासूसासरे तोवर घरात जपमाळ म्हणत असतात. सातव्या-आठव्या आज्ञेचे आपण मुलांना धडे देतो. चोरी आणि खोटी साक्ष याहून मोठी आणखी कोणती असते?

आपल्याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. तेथे जन्मलेला नारायण नावाचा मुलगा लग्नाच्या मंडपात 'सावधान' हा शब्द ऐकताच उठून पळाला, आणि पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्राला पूज्य झाला, अशी परंपरा आहे. त्याचे कारण वेगळे होते. त्याची तुलना मी येथे करीत नाही. परंतु जो समाज त्या मुलाच्या मंडपातून उठण्याचा चार शतके आदर करीत आला, त्याच मातीतील आपण आपल्या मुलाला 'मला लग्न करायचे नाही' एवढे म्हणण्याची मुभा देऊ नये? आणि आपण तर संत पौलाचे लेखन प्रमाण मानणारे लोक! करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात त्याने अविवाहित राहण्याला चांगले म्हटले आहे. आपण हे वचन फक्त धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

धर्मगुरूंचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका पळवाटेविषयी बोलले पाहिजे. 'लग्न करत नाही ना, मग पाठवा सेमिनरीत' असा सल्ला देणारी मंडळीही आपल्यात आहेत. रोमच्या शिक्षणविषयक मंडळाने २००५ साली काढलेल्या सूचनापत्रात, ज्यांचा समलिंगी कल खोलवर रुजलेला आहे त्यांना गुरुदीक्षेसाठी घेऊ नये असे सांगितले. या सूचनेविषयी कोणाचे काहीही मत असो. पण पाचारण हे ईश्वराकडून येते, नातेवाइकांच्या अडचणीतून येत नाही, इतके तरी सर्वांना मान्य व्हावे. वेदी काय किंवा बोहले काय, ही लपवालपवीची जागा नव्हे.

या मुद्द्यांवर उत्तर सापडत नाही, तेव्हा तीन गोष्टी हमखास पुढे केल्या जातात. पहिली अशी, की हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, आपल्याकडे असले काही नव्हते. ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी तरी हे म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. त्यात मराठी वाचक आपल्या मनातील प्रश्न विचारत आणि कर्वे उत्तरे देत. समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही त्यांत होते. म्हणजे विचारणारी माणसे मराठी होती आणि तेव्हा घरात दूरदर्शनही नव्हते. त्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु लोकांच्या मनातील खऱ्या प्रश्नाला ज्ञानाने उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी घेतली. मराठवाड्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांत बाबासाहेबांचे छायाचित्र प्रभूच्या तसबिरीशेजारी लावलेले असते. त्यांचा हा वकीलपणा मात्र आपण विसरलो. पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणले. स्त्रीवर प्रेम करणारी मराठी स्त्री त्यात आहे. पाश्चात्त्यांकडून जे आले ते भारतीय दंडसंहितेचे कलम ३७७ होते. इंग्रजांनी केलेला तो कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला.

दुसरी गोष्ट अशी, की प्रार्थनेने किंवा उपचाराने हा बरा होईल. प्रार्थनेच्या सामर्थ्यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच तिचा असा वापर मला खुपतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढून टाकली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा मानसिक आजार नाही असे जाहीर केले. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने असा कल 'बदलण्याच्या' उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. डॉक्टरने जे करणे गैरवर्तन आहे, ते एखाद्या आरोग्यप्रार्थनेच्या मंडपात चारचौघांसमोर मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आरडाओरडा करीत करणे पुण्यकर्म कसे होईल? तो मुलगा घरी आल्यावर आपण बरे झालो असे सांगतो, कारण दुसरे काही सांगण्याची सोय त्याला ठेवलेली नसते. आणि मग पुन्हा तेच: 'आता लग्न करून टाका.'

तिसरी गोष्ट म्हणजे पवित्र शास्त्र. लेवीयच्या पुस्तकातील वचन, सदोमाची गोष्ट आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, ही तीन ठिकाणे अशा वेळी बोटांवर मोजली जातात. शास्त्रात जे लिहिले आहे ते लिहिलेले आहे. ते पुसण्याचा माझा अधिकार नाही. पण वाचायचे तर पुढचे पानही वाचावे. सदोमाचा अपराध काय होता, हे यहेज्केल संदेष्ट्याने सोळाव्या अध्यायात सांगितले आहे: गर्व, अन्नाची समृद्धी आणि गरिबाला हात न देणे. आपल्या गावातील किती श्रीमंतांना आपण सदोमकर म्हणतो? रोमकरांस पत्रात तर पौल पहिल्या अध्यायात इतरांची पापे एकामागून एक सांगत जातो, वाचक मान डोलावू लागतो, आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वाक्यात पौल वळून त्या वाचकालाच गाठतो, की दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तूही सुटत नाहीस. शास्त्राचे आजचे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले. पौलाने पत्र लिहिले तेव्हा मध्ये कोठेही थांबा नव्हता. आपण मात्र नेमके तेथेच पुस्तक मिटतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातील इथिओपियाचा षंढ? जुन्या नियमशास्त्राने ज्याला मंडळीत प्रवेश नाकारला होता, त्याने रस्त्यावर पाणी पाहिले आणि आपल्याला अडवणारे काय आहे असे विचारले. फिलिपाने त्याला अडवले नाही. रथ थांबला, दोघेही पाण्यात उतरले आणि त्याचा स्नानसंस्कार झाला.

आपल्या धर्माच्या अधिकारी व्यक्तींनी या बाबतीत जे सांगितले तेही आपल्या बाकांपर्यंत पोहोचलेले नाही. २००८ साली संयुक्त राष्ट्रसंघात परमपीठाच्या प्रतिनिधीने समलिंगी व्यक्तींवरील फौजदारी शिक्षा राष्ट्रांनी रद्द कराव्यात असे म्हटले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, तेव्हा त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स आणि उत्कल ख्रिश्चन कौन्सिल ही त्यांतील नावे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पुन्हा जिवंत केले. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाच्या विरोधात असली तरी समलिंगी व्यक्तींना तिने कधी गुन्हेगार मानले नाही आणि त्यांची प्रतिष्ठा इतर कोणाही माणसाइतकीच आहे, अशी भूमिका जाहीरपणे मांडली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्या कलमाचा तो भाग कायमचा गेला. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाखतीत समलिंगी असणे हा गुन्हा नाही असे स्पष्ट सांगितले, आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला, विवाहाची शिकवण न बदलता, अशा जोडप्यांनाही साध्या आशीर्वादासाठी दार उघडले. तेव्हा 'आम्ही ख्रिस्तसभेच्या बाजूने आहोत' असे म्हणून घरच्या मुलाला गुन्हेगारासारखे वागवणाऱ्यांनी ख्रिस्तसभेला आधी विचारावे.

समलिंगी श्रद्धावंतांचा स्वतःचाही एक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात: धर्मगुरू ब्रह्मचर्य निवडतो, आम्हांला ते निवडण्याचा प्रश्नच ठेवलेला नाही, आणि आमच्या कलासाठी ग्रंथात जे शब्द वापरले आहेत ते आम्हांला दररोज टोचतात. हा आक्षेप वजनदार आहे. त्यावर ख्रिस्तसभेत ईशज्ञानी आणि बिशप बोलत आहेत, बोलत राहतील. मी शिकवणीच्या बाजूने उभा राहूनच लिहितो आहे. परंतु या आक्षेपाला उत्तर देण्याचा अधिकार कोणाला, हे ठरवले पाहिजे. ज्याने अशा एकट्या माणसाला नाताळच्या दिवशी जेवायला बोलावले आहे, त्याच्या आजारपणात जो दवाखान्यात बसला आहे, त्याने उत्तर द्यावे. ज्याने त्याला शिवी दिली किंवा फसवून त्याचे लग्न लावले, त्याने गप्प राहावे.

आणि आपण मराठवाड्याचे ख्रिस्ती लोक! घराबाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. घोगरगावच्या बाजूला फ्रान्सिस द सेल्स संघाचे मिशनरी आले तेव्हाच्या आठवणी आपल्या आजोबा-पणजोबांनी सांगितल्या आहेत. जालन्याजवळ बेथेल वसवणारे आपले प्रॉटेस्टंट बंधू नारायण शेषाद्री यांचा १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्यांच्या अल्पवयीन भावाला, श्रीपतला, न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. पण हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून अवघ्या मुंबईत वाद पेटला. सनातन्यांचा रोष पत्करून त्या मुलाला घराचे दार उघडून देण्यासाठी उभे राहिले ते दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर, एक हिंदू विद्वान. आमच्या पंगतीला बसलेल्या मुलासाठी परक्याने एवढे केले. आमच्याच पंगतीत जन्मलेल्या मुलासाठी आम्ही काय करतो?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. विवाहपूर्व शिबिरात वधूवरांना वेगवेगळे बसवून 'तू स्वखुशीने आला आहेस का?' हे विचारणे हा उपचार म्हणून उरकला जाऊ नये. नकाराला तेथे खरी जागा असावी, आणि नकाराचे कारण त्या खोलीबाहेर जाऊ नये. प्रवचनपीठावरून या माणसांची थट्टा होऊ नये. गायकवृंदात, युवकसंघटनेत, अंत्यविधीच्या तयारीत अविवाहित माणसाला कामापुरते नव्हे तर माणूस म्हणून स्थान असावे. आणि आईबापांना एवढेच सांगणे: तुमचा मुलगा किंवा मुलगी धीर करून तुम्हांला खरे सांगेल, त्या दिवशी पुजाऱ्याकडे, वैद्याकडे किंवा मध्यस्थाकडे धावू नका. त्याच्या जेवणाचे ताट नेहमीच्या जागी वाढा. दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी स्थळ म्हणून त्याचे नाव पुढे करू नका. त्याच्या जन्मानंतर तुम्ही त्याला स्नानसंस्कारासाठी हातांत घेऊन आला होता, तेव्हा धर्मगुरूंनी तुम्हांला या बाळासाठी ख्रिस्तसभेकडे काय मागता असे विचारले होते. तुम्ही जे मागितले होते त्याला कोणतीही अट घातलेली नव्हती.